परक्या आवाजातली हजेरी

औषधांच्या त्या कारखान्यात सकाळी दोन भोंगे वाजायचे. एक छपरावरचा, बरोबर आठला. दुसरा त्याच्या दोन मिनिटं आधी, पॅकिंग विभागाच्या दारात, आणि त्याला दोन पाय आणि सुटलेलं पोट होतं. आवाज मोठा म्हणून सगळे त्याला भोंगाच म्हणत. बायकोनेही आता त्याचं खरं नाव सोडून दिलं होतं.

विभागात हजेरी माणसाच्या नावाने नव्हे, कामाच्या नावाने घेत. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरणारी ती पट्टी. लेबल लावणारी ती लेबल. तारखेचा शिक्का मारायचं काम भोंग्याचं, म्हणून तो शिक्का. आणि शेवटी भरलेलं खोकं तोलून बघणाऱ्या आक्का, त्या काटा. साहेब यादी हातात धरून, मान वर न करता पुकारायचे. "पट्टी?" "हजर!" "लेबल?" आणि लेबल अजून फाटकाशी धापा टाकत असली, तर भोंगा नाक किंचित दाबून, हुबेहूब तिच्याच किनऱ्या आवाजात म्हणायचा, "हजर, सऽर!" सगळे तोंडावर हात ठेवून हसायचे आणि साहेब यादीत खूण करून पुढे जायचे.

भोंग्याला सगळ्यांचे आवाज येत. सतरा वर्षांत त्याने किती जणांची हजेरी लावली असेल याची मोजदाद नाही. एकट्या आक्कांना हे खपत नसे.

"अरे भोंग्या, माझ्या काट्यावर एक पट्टी कमी असली तर खोकं बाजूला पडतं. शेजारचं खोकं त्याच्या वतीने 'भरलंय, भरलंय' म्हणून ओरडत नाही."

"आक्का, खोक्यांना मैत्री कुठे असते? आणि माझं जातंय काय? जिभेला काही हाड नाही."

"तेच तर तुझं दुखणं आहे," आक्का म्हणायच्या.

वाचकहो, तुमच्याआमच्या कचेऱ्यांत असा एक तरी भोंगा असतोच. आपण त्याला दिलदार म्हणतो. कधी कधी तो भोंगा आपणच असतो.

त्या वर्षी विभागाने ठरलेल्या मुदतीआधी काम पुरं केलं, म्हणून कंपनीने नऊ जणांना चार दिवस परदेशी पाठवलं. लेबल चोवीस वर्षांची होती. बायका तीन आणि खोलीत दोघींचीच सोय, त्यामुळे तिला एकटीला खोली मिळाली. जन्मात पहिल्यांदा स्वतःची खोली! दोनदा दार लावून, उघडून तिने ते आक्कांना दाखवलं. सहलीसाठी तिने उंच टाचांचे नवे बूट घेतले होते आणि ते पहिल्याच दिवसापासून चावत होते.

तिसऱ्या रात्री सगळे एका नाचघरात गेले. आक्का गुडघ्यांमुळे हॉटेलातच राहिल्या. निघताना त्यांनी दारात उभं राहून सगळ्यांना मोजलं. "आठ चाललात. आठ परत या. आणि हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवा रे, फोनचा भरवसा नाही." सगळे हो हो म्हणाले. कागद कोणीच घेतला नाही.

आत दिवे, गाणी आणि तोबा गर्दी. लेबलने सरबताचा ग्लास टेबलावर ठेवला आणि भोंग्याच्या कानाशी ओरडली, "दादा, माझ्या ग्लासकडे लक्ष ठेवा हं!" तो म्हणाला, "हो गं, जा तू." दोनच मिनिटांनी आवडीचं गाणं लागलं आणि तोही पोट सावरत नाचायला उठला. ग्लास टेबलावर एकटाच राहिला.

परतताना बसचालक सारखा कर्णा वाजवत होता. सगळे पेंगुळलेले. साहेबांनी फोनच्या उजेडात यादी काढली. "पट्टी?" "हजर." "लेबल?" उत्तर नाही. भोंग्याने मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर कोणीतरी कोट पांघरून मुटकुळं करून झोपलं होतं. दमली बिचारी, कशाला उठवायची, असं त्याच्या मनात आलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! "हजर, सऽर!" पेंगुळलेल्या कोणालाच शंका आली नाही. साहेबांनी खूण केली आणि बस सुटली.

कोटाखाली पिशव्यांचा ढीग होता.

आक्का रात्री लवकर झोपल्या होत्या आणि लेबलची खोली तिची एकटीची, त्यामुळे कोणाला काही कळलं नव्हतं. सकाळी सगळे नाश्त्याला बसले असताना हॉटेलच्या व्यवस्थापकाने येऊन साहेबांना बाजूला बोलावलं. साहेब परत आले आणि उभ्या उभ्याच त्यांनी सगळ्यांना सांगितलं. नाचघराच्या मागच्या गल्लीत, तळघराच्या पायऱ्यांखाली, झाडलोट करणाऱ्या बाईला लेबल पहाटे सापडली होती. डोकं फुटलेलं, अंग गार पडलेलं. पर्स, फोन, पारपत्र काहीच जवळ नाही. ती कोण, कुठे उतरली आहे, हे शोधण्यातच दवाखान्याचे तीन तास गेले. खिशात पत्त्याचा एक कागद असता तर!

तिच्या सरबतात गुंगीचं औषध होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती वाचली, पण डावा कान कायमचा गेला आणि तोल गेला. भिंत धरल्याशिवाय तिला चार पावलं टाकता येईनात. त्या रात्रीतलं, ग्लास परत उचलल्यानंतरचं, तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. दवाखान्याने तिच्या कपड्यांची पिशवी आक्कांकडे दिली. तिच्यात एकच बूट होता. आक्का तो हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिल्या.

आणि मग साहेबांनी अहवाल लिहिला. सगळे जण बसने परत आले, सोबत यादी जोडली आहे. त्यानंतर सदर कर्मचारी कोणाला न सांगता, एकटीच, पुन्हा बाहेर गेली. साहेब खोटं लिहीत नव्हते. यादीत खूण होती ना! घरी परतून महिना होतो न होतो तोच लेबलला नोटीस आली. गैरवर्तनाबद्दल कामावरून का काढू नये? उपचारांची जबाबदारीही कंपनीची नाही.

भोंग्याची झोप उडाली. खरं बोलावं तर सतरा वर्षांची नोकरी जाणार. न बोलावं तर... पुढचा विचार तो करतच नसे. विभागात कुजबुज चालायची, "एवढ्या रात्री पुन्हा गेली म्हणजे काहीतरी असणारच." तो ऐकायचा आणि खाली मान घालून शिक्के मारायचा. त्याने आवाज काढणं बंद केलं, हे मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं.

एका रविवारी आक्का त्याला जवळजवळ ओढतच तिच्या घरी घेऊन गेल्या. तिची आई दार उघडून आत निघून गेली. लेबल खिडकीशी बसली होती. ऐकू यावं म्हणून तिने उजवी बाजू त्यांच्याकडे वळवली.

"आई माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली. "म्हणते, बाहेरच्यांना काय बोलू, माझीच पोरगी खोटारडी."

"तू काय खोटं बोललीस?" आक्कांनी विचारलं.

"काही नाही हो. मला आठवतच नाही. पण यादीत खूण आहे ना आक्का, म्हणजे मी आले असणार. मग मी परत का गेले? रोज रात्री मी हाच विचार करते. माझ्यात असं काय आहे, जे मलाच माहीत नाही?" मग ती भोंग्याकडे वळली. "दादा, तुम्ही बसमध्ये होता. मी कुठे बसले होते? कशी दिसत होते? तुम्हाला काही आठवतं का?"

आणलेली फळं तिथेच ठेवून भोंगा जिन्यात आला आणि पायरीवर बसला. आक्का गुडघे धरत त्याच्या मागून उतरल्या.

"ते बूट तिला चावत होते," आक्का म्हणाल्या. "ती परत आली असती तर पहिल्यांदा ते काढून फेकले असते, पुन्हा बाहेर जाताना तेच घातले नसते. एक बूट तिच्या पायात सापडला, दुसरा त्या गल्लीतच कुठेतरी राहिला. पोरगी त्या रात्री आलीच नाही, भोंग्या. मग हजर कोण म्हणालं?"

तो पायरीवरून उठू लागला. आक्कांनी त्याला खांदा धरून खाली बसवलं.

"मी काटा आहे. वजन कमी आहे ते मला कळतं."

"आक्का, मी वाईट हेतूने नाही केलं हो! झोपलीय असं वाटलं. आणि तिने तरी कशाला जायचं होतं असल्या ठिकाणी..."

"खबरदार!" आक्कांचा आवाज जिनाभर घुमला. "तू नव्हता गेलास? तू नव्हता नाचलास? तुझ्या नाचण्याला मजा म्हणायचं आणि तिच्या नाचण्याला वळण नाही म्हणायचं, हा कुठला न्याय? चार घटका मौज करणं हे पाप नाही रे. ज्याने तिच्या ग्लासात विष घातलं तो गुन्हेगार, तो त्या परक्या गावात मोकळा फिरतोय. पण आपलं माणूस मागे राहिलंय हे बघायचं काम त्याचं नव्हतं, तुमचं होतं. तू 'हजर' म्हणाला नसतास, तर साहेब बसमधून खाली उतरले असते. बस, एवढंच."

भोंगा रडला. आक्कांनी त्याला रडू दिलं, समजूत काढली नाही.

चौकशी गुरुवारी होती. लांब टेबलामागे कार्मिक विभागाच्या बाई आणि दोन अधिकारी, एका बाजूला साहेब, समोर भिंतीला लागून लेबल आणि तिची आई. बाईंनी यादी उचलली. "इथे खूण आहे. तुमचा आवाज सात जणांनी ऐकला. तुम्हाला काही सांगायचं आहे?"

"नाही," लेबल म्हणाली. "खूण आहे म्हणजे मी आले असेन."

"ती आली नव्हती!"

भोंगा साक्षीदारांच्या बाकावरून उठला होता. "बाई, तो आवाज तिचा नव्हता."

"मग कोणाचा?"

त्याने नाक किंचित दाबलं. आवाज निघाला, हुबेहूब, किनरा.

"हजर, सऽर."

कोणीही हसलं नाही. लेबलने उजवा कान हळूहळू त्याच्या दिशेने वळवला. आपलाच आवाज ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होती.

"म्हणजे... मी परत गेले नव्हते?" ती म्हणाली. "मी तिथेच होते? तुम्ही सगळे निघून गेलात, आणि मी तिथेच होते?"

"हो गं," भोंगा म्हणाला.

तिच्या आईने तिचा हात धरला आणि मग सोडलाच नाही. नोटीस त्याच दिवशी मागे घेतली गेली आणि उपचार कंपनीकडे आले. साहेबांची बदली झाली, भोंगा तीन महिने घरी बसला. तो माफी मागायला गेला तेव्हा लेबल म्हणाली, "दादा, तुम्ही खरं बोललात ते बरं झालं. पण माझ्याशी पुन्हा बोलू नका. तुमचा आवाज मला सहन होत नाही." तेही त्याने ऐकून घेतलं. एक कान गेला तो गेलाच. माफीने तो परत येत नाही.

आता त्या विभागात यादी वाचणारा आपल्या जागेवरून उठतो, प्रत्येकाजवळ जातो, तोंड बघतो आणि मगच खूण करतो. कामाला पाच मिनिटं उशीर होतो. कोणी कुरकुर करत नाही.

बंधुभगिनींनो, देश पाहा, रात्रीचे दिवे पाहा, खुशाल नाचा! पण आपला ग्लास आपल्या हातात ठेवा. खाली ठेवलेला पुन्हा उचलू नका. मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून घ्या. आणि जितके निघालात तितके मोजून परत या, तोंडं बघून, आवाज ऐकून नव्हे. माणूस दिसत नसेल तर "नाही" म्हणा आणि बस थांबवा. कोणी चिडलं तर चिडू दे.

परवा सकाळी नव्या साहेबांनी जुनीच यादी वाचली. "लेबल?" त्या जागेवर अजून कोणाला नेमलेलं नव्हतं. सगळ्यांची नजर भोंग्याकडे गेली.

"नाही, साहेब," तो आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाला. "ती आलेली नाही."