धाकटीच्या डोळ्याचा पडदा

गाडी शिकवणाऱ्या बाईंना त्यांची शिकाऊ मंडळी पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. शिकणाऱ्याचं लक्ष जरा ढळलं, की शेजारी बसलेल्या बाईंचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर पडलाच म्हणून समजा. घरीही तीच तऱ्हा. थोरली बहीण गॅस बंद करायला विसरली किंवा डोक्यावरचा चष्मा घरभर शोधू लागली, की बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू. घरात दोघीच, त्यामुळे ताईला पळायलाही जागा नव्हती.

ताईचं विसरणं वाढलं, तशी धाकटी तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढून विसरण्याच्या आजाराची चाहूल आधीच लागते का, याचा त्या अभ्यास करत होत्या.

"तुलनेसाठी धडधाकट माणसंही लागतात. तुम्ही बसता?" त्यांनी विचारलं.

"बसते की! हिलाही धीर येईल," म्हणत ब्रेकबाईंनी यंत्रावर हनुवटी टेकवली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी धाकटीला एकटीलाच आत बोलावलं. ताईचा पडदा ठणठणीत होता. धाकटीच्या पडद्यातला मज्जातंतूंचा थर मात्र वयाच्या मानानं पातळ निघाला.

"म्हणजे मला...?"

"म्हणजे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. असा थर इतर कारणांनीही पातळ होतो. काहींची स्मरणशक्ती पुढं कमी होते, काहींची होत नाही. हवं तर स्मरणशक्तीची तपासणी करू. वर्षानं पुन्हा फोटो काढू."

"बघते," म्हणून ती बाहेर आली. "तुझं सगळं उत्तम आहे," एवढंच तिनं ताईला सांगितलं.

त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिना. एका चौकात तिनं "डावीकडे" म्हटलं आणि हात केला उजवीकडे. शिकणारा बिचारा मधेच थांबला. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. त्याला धीर द्यावा म्हणून हाक मारायला गेली, तर नावच आठवेना. हे पहिल्यापासून होतं, की आत्ता सुरू झालं? भाजीत मीठ दोनदा पडलं, तेव्हाही हाच प्रश्न. रात्री कूस बदलतानाही हाच.

शेवटी ताईनंच तिला गाठलं. "काय झालंय तुला? किती दिवसांत माझ्यावर ओरडली नाहीस."

मग धाकटीनं सगळं सांगून टाकलं. ताई ऐकता ऐकता खुर्चीत बसली.

"डावं-उजवं होय? अगं, ते तू लहानपणापासून चुकतेस. बूट उलटे घालून शाळेत जायचीस. तू गाडी शिकवणार म्हटल्यावर आई कपाळाला हात लावून बसली होती."

"आणि मीठ?"

"तुझ्या हातून मीठ नीट पडलंय कधी?"

धाकटीला हसू फुटलं. मग तिनं हळूच विचारलं, "आणि माणसांची नावं?"

ताई बोटातली अंगठी फिरवत राहिली.

"नावं तू विसरायची नाहीस," ती म्हणाली. "कोण कुणाचा मेव्हणा, कोण कुणाची जाऊ, सगळं तोंडपाठ असायचं. हे नवीन आहे गं."

धाकटी उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. "खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं."

"नसतं चाललं. पुढच्या वेळी तू माझ्यावर विश्वास ठेवला नसतास."

ताईनं दवाखान्यात फोन लावला. "स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी वेळ हवी होती. नाही नाही, माझ्यासाठी नाही. बहिणीसाठी." फोन ठेवून ती म्हणाली, "सोमवारी बोलावलंय. मी येतेय बरोबर."

धाकटी पुन्हा येरझाऱ्या घालू लागली होती. शाळेतल्या मैत्रिणींची नावं पुटपुटत होती. एकीपाशी अडली, की पहिल्यापासून सुरुवात.

"बस ना जरा."

"बसवत नाही गं."

"मग चल, बाहेर चालून येऊ."

दोघी चपला घालून निघाल्या. जिन्यातही धाकटीचं पुटपुटणं चालूच होतं. ताईनं तिला थांबवलं नाही.