टेबलावरचा पंखा आणि ओत्ताविओची मान

टेबलाच्या वर छताला पंखा बसला नाही तर ओत्ताविओचा फायदा काय, हे इर्मानं मनाशी केव्हाच मांडून ठेवलं होतं. घराखालच्या स्वयंपाकघरात वारा येण्याची जागा एकच, आणि त्या जागेवर नवऱ्याची खुर्ची. पंखा बसला की वारा सगळ्यांना सारखा मिळणार. मग त्या खुर्चीत आणि बाकीच्या खुर्च्यांत फरक तो काय उरणार? सगळं घर घामानं निथळत असताना एकट्यानं कोरड्या सदऱ्यात बसून जेवायचं, हे सुख ज्याच्या वाट्याला आलंय तो पंख्याला हो म्हणेल कशाला?

अर्थात ओत्ताविओ असं बोलून दाखवत नसे. तो म्हणे, वारं बाधतं.

घर खांबांवर उभं, चहूकडे ऊस. वर राहायचं, खाली जगायचं, ही ब्रिस्बेनच्याही पलीकडच्या त्या मुलखात ऊस पिकवायला आलेल्या सगळ्या इटालियन घरांची रीत. वरही एक स्वयंपाकघर होतं, पांढरंशुभ्र, आणि तिथल्या पंख्याला काचेच्या फुलांचे दिवे होते. तो पंखा पाद्रीबाबा येत त्या दिवशी फिरे. तिथल्या शेगडीवर आजवर कॉफीखेरीज काही चढलं नव्हतं, कारण इर्मा चढू देत नसे. तळणाचा थेंब उडाला तर? या हट्टापायी ती आयुष्यभर खालच्या भट्टीत उभी राहिली. शहाणपणा दोघांचाही सारखाच, फक्त नवऱ्याच्या शहाणपणाला वारा लागत होता.

खाली चारी बाजूंना लाकडी पट्ट्यांची जाळी होती. एका वादळात पूर्वेच्या कोपऱ्यातल्या तीन पट्ट्या उडाल्या, आणि त्या भगदाडातून समुद्राकडचा वारा थेट आत यायला लागला. नळ ठिबकला तर जेवण सोडून उठणारा, कुंपणाची तार सैल झाली तर झोप न येणारा ओत्ताविओ त्या तीन पट्ट्या मात्र बसवीना. इर्मानं सांगून पाहिलं, पावसाची झड येते म्हणून कुरकुरून पाहिलं. त्यानं काय केलं? आपली खुर्ची उचलून भगदाडापुढे मांडली आणि गळ्याला हातरुमाल गुंडाळला.

"मी इथं बसतो म्हणून ते माझ्या अंगावर अडतं," तो म्हणाला. "नाहीतर सरळ तुमच्या मानेवर येईल."

सून लॉरेल लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं या त्यागाबद्दल सासऱ्याचे आभारसुद्धा मानले होते. बिचारी बाहेरची, ब्रिस्बेनची. तिला काय ठाऊक?

पंख्याची गोष्ट निघाली ती इर्मा पडली म्हणून. मागच्या नोव्हेंबरात, सॉसच्या दिवशी. मोसम संपताना टोमॅटो स्वस्त होतात, तेव्हा घरोघरी वर्षभराचा सॉस करून बाटल्यांत भरतात. त्या दिवशी इर्मा पहाटेपासून टेबलाशी उभी राहून टोमॅटो चिरत होती, आणि दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येऊन क्रेटांवर आडवी झाली. ओत्ताविओनं खुर्चीतूनच ओरडून सांगितलं, "पाणी द्या तिला! आणि ते पातेलं हलवा, खाली लागेल!"

मुलगा रेनाटो तेव्हा हळहळला आणि नाताळच्या सेलमध्ये पंखा घेऊन आला. आणला, जिन्याखाली ठेवला आणि आपलं कर्तव्य संपलं असं समजला. पंख्याचं खोकं वर्षभर तिथंच पडून राहिलं. त्यावर आता बटाट्याचं पोतं होतं.

लावायला इलेक्ट्रिशियन हवा, तोही घरचाच: इर्माच्या बहिणीचा सिल्व्हानो. तो दर रविवारी माप घ्यायला येई. जेवायच्या वेळेला येई, टेप काढून छत मोजी, मान हलवी आणि बसे.

"मावशी, लावायचा तर टेबलाच्या वरच," तो दर खेपेला तेच सांगे. "छत ठेंगणं आहे. दुसरीकडे लावला तर रेनाटोचं डोकं पात्यात जाईल. टेबलावरून कोणी चालत नाही. बरोबर ना?"

"मग लाव की!"

"काकांनी हो म्हणू दे. बटाट्याच्या न्योकी अजून आहेत का?"

पंखा बसला की रविवारचं माप संपणार हे सिल्व्हानोलाही कळत होतं. त्यामुळे काकांचं मन वळवायची त्यालाही फारशी घाई नव्हती.

यंदा सॉसचा दिवस जवळ आला तशी इर्मा घाबरली. पुन्हा पडलो तर या वेळी उठू की नाही, याची तिला खात्री वाटेना. आदल्या महिन्यात एका रविवारी तिनं ताटं वाढण्याआधीच विषय काढला.

"सॉसच्या आधी पंखा लागला पाहिजे."

"पास्ता गार होईल," ओत्ताविओ म्हणाला.

"तुझा होतोच आहे की. तक्रार ऐकली नाही कधी."

"जेवताना पोटावर वारं घ्यायचं? बेप्पी झानेल्लाचं तोंड कशानं वाकडं झालं, सांग."

"पापा, त्यांना लकवा झाला होता," रेनाटो म्हणाला.

"आणि लकवा कशानं झाला? पंख्याखाली झोपायचा तो! या घरात आजवर एक तरी मान धरली असेल तर ती वाऱ्यानंच. दुसरं कारण मला दाखवा."

लॉरेलनं घाम पुसत विचारलं, "मग तुमची कशी धरत नाही हो?"

"मला सवय आहे," ओत्ताविओ म्हणाला आणि हातरुमाल घट्ट केला.

रेनाटोनं ताटात मान घातली. सिल्व्हानोनं आणखी वाढून घेतलं. ठराव असा झाला की बघू.

सॉसच्या आदल्या रविवारी मात्र ओत्ताविओ जिना उतरला तो खांदा कानाला लावून. रात्री फुटबॉल बघता बघता आरामखुर्चीत डोळा लागला होता, मुंडी खुर्चीच्या हातावरून खाली लोंबत राहिली होती. सगळ्या घरानं त्याचं घोरणं ऐकलं होतं. तो "आई गं" करत आपल्या खुर्चीकडे निघाला.

इर्मानं त्याच्याकडे पाहिलं, मग भगदाडाकडे पाहिलं, आणि हातातला डाव खाली ठेवला.

"थांब! तिथं बसू नकोस!" ती एवढ्या कळवळ्यानं ओरडली की सिल्व्हानोच्या हातातला टेप सुटला. "बाधलं शेवटी! किती वर्षं आमच्यासाठी सोसलंस, ओत्ताविओ कसलं म्हणायचं, संत म्हणायला हवं तुला! रेनाटो, पापांची खुर्ची उचल. शेगडीजवळ ने. ऊब लागू दे."

"अगं, त्या आरामखुर्चीत अवघडलो," ओत्ताविओ म्हणाला.

"आरामखुर्चीनं कधी मान धरते? तूच सांगितलंस, धरते ती वाऱ्यानंच. दुसरं कारण दाखवा म्हणालास. लॉरेल, तू ऐकलंस ना?"

"स्पष्ट ऐकलं," लॉरेल म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी प्रथमच या घरात आल्याचा आनंद होता.

इर्मा वर जाऊन लोकरी मफलर घेऊन आली. तिच्या बापानं इटलीहून येताना बोटीत गळ्याला बांधलेला. तो तिनं ओत्ताविओच्या गळ्याभोवती दोन वेढे देऊन बांधला. मग भगदाडापुढच्या मोकळ्या जागेत आपलं स्टूल ठेवलं आणि बसली.

"आणि तू गं? तुला नाही का बाधणार?" ओत्ताविओनं विचारलं.

"आता माझी पाळी. तू पुष्कळ केलंस."

मान दोन दिवसांत सुटली असती, पण घर सुटू देईना. ओत्ताविओनं मान वळवून दाखवली की इर्मा म्हणे, "बघा, कशी आखडत वळतेय." सॉसच्या दिवशी पहाटे सिल्व्हानो, रेनाटो, लॉरेल सगळे जमले. टेबलावर टोमॅटोचा डोंगर झाला. इर्मानं चिरायचा पाट भगदाडाशी ओढून घेतला होता आणि ती समुद्राचा वारा पाठीवर घेत सुरी चालवत होती. ओत्ताविओ दोन उकळत्या पातेल्यांमध्ये, मफलरात. हात रिकामे होते म्हणून त्याला सॉस ढवळायला दिला होता.

नऊच्या सुमाराला त्यानं मफलर सैल केला. लॉरेलनं येऊन घट्ट केला. "पापा, जपा."

अकराला त्याचा चेहरा आणि पातेल्यातला सॉस यांत डावं-उजवं करणं कठीण झालं. मग त्यानं डाव आपटला.

"सिल्व्हानो! तो पंखा काढ! आत्ताच्या आत्ता लाव!"

सगळे थांबले.

"पण काका, तुमची मान?" सिल्व्हानो म्हणाला.

"माझी मान माझ्यापाशी! वाऱ्यानं कधी कोणाला काही झालंय?"

"बेप्पी झानेल्ला," रेनाटोनं आठवण करून दिली.

"तो दारू पीत होता!"

इर्मानं सुरी खाली ठेवली. "पुन्हा म्हण. पातेल्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही."

ओत्ताविओनं छताकडे पाहिलं, जिन्याखालच्या खोक्याकडे पाहिलं. कपाळावरून एक थेंब नाकाच्या शेंड्याशी येऊन सॉसमध्ये पडला.

"वारं बाधत नाही," तो म्हणाला. "झालं समाधान?"

"झालं. पण आज नाही लागणार." इर्मानं नवा टोमॅटो उचलला. "पंखा टेबलाच्या वर लावायचा, आणि टेबलावर हे एवढं. हलवायचं कुठं? ढवळ तू."

त्यानं संध्याकाळपर्यंत ढवळलं. त्या वर्षी कोणी पडलं नाही, आणि सॉस जरा खारट झाला.

पंखा पुढच्या शनिवारी बसला. सिल्व्हानोला तासभर लागला. एवढ्याशा कामासाठी वर्षभर मापं घेतली हे सगळ्यांच्या लक्षात आलं, म्हणून त्यानं मजुरी मागितली नाही. पंख्याची किंमत रेनाटोनं बापाकडून वसूल केली, "मी मम्मासाठी आणला होता, लावायला तुम्ही सांगितलंत" असा हिशेब घालून. आणि रविवारी सकाळी इर्मा खाली उतरली तर ठोकाठोक ऐकू आली. आपली खुर्ची आपली राहिली नाही, तर वाराही कोणाची मिरास राहू नये म्हणून ओत्ताविओ भगदाड बुजवत होता. वादळापासून न सुचलेलं काम त्यानं कॉफीच्या आधी उरकलं.

इर्मानं तिन्ही पट्ट्या हातानं दाबून पाहिल्या. घट्ट होत्या. पावसाची झड आता येणार नव्हती. मग टेबलाशी मधोमध, पात्यांच्या बरोबर खाली, तिनं स्टूल ओढलं.

पंखा ओत्ताविओच्या पैशांचा, मजुरी सिल्व्हानोच्या पोटातली, पट्ट्या आणि खिळे ओत्ताविओचेच, श्रमही त्याचेच. इर्माच्या पदरचा गेला तो एक मफलर, आठवडाभर उसना. घामानं तो इतका वास मारत होता की दोनदा धुवावा लागला. धुतला ओत्ताविओनं.