दोन वाव दोर

"चाक कुणी फिरवलं?"

चाकवालीनं बाजेवर पडल्या पडल्याच विचारलं. मनगटाला बांधलेला बारीक दोर तिनं दोन बोटांत धरला होता आणि वैद्यानं नाडी बघावी तशी ती तो चाचपत होती.

दोरवाला कोनाड्यातलं दुधाचं भांडं काढत होता. तो तसाच थबकला.

"कसलं चाक?"

"मला खुळी समजू नका. पाय गेलाय, बोटं शाबूत आहेत. हा दोर वाढलाय. आणि नवा तुकडा ढिला आहे. असला पीळ नवख्या हातानं चाक फिरवलं की पडतो. कुणाला बसवलंत माझ्या चाकावर?"

"कुणाला नाही. दोर तुटला होता, सांधला."

"तुटला तर आखूड होईल. वाढला कसा?"

दोरवाला भांडं घेऊन चुलीकडं गेला.

तीस वर्षं दोघांनी मिळून दोर वळले होते. अंगणाच्या टोकाला ती चाक फिरवायची आणि तो कमरेला घायपाताचे तंतू बांधून, तिच्याकडं तोंड करून, मागं मागं जायचा. चाकानं पीळ बसेल तसतसा दोर वाढायचा आणि दोघांमधलं अंतरही वाढायचं. संध्याकाळपर्यंत तो मक्याच्या बांधापर्यंत जाऊन पोचायचा, तरी तोंड तिच्याकडंच. तिचा पीळ असा घट्ट की तिच्या दोराला बांधलेला बैल सुटला असं कधी ऐकू आलं नाही. स्वभावातही तोच पीळ होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पाच महिन्यांपूर्वी माळ्यावरून तंतूंचा भारा काढताना शिडी सरकली आणि तिचा खुबा मोडला. तेव्हापासून चाक गोठ्यात पडलं आणि ती बाजेवर. दोरवाला दिवसा शेत बघायचा आणि उरलेला वेळ तिला. रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. तिला पुसायचं, पाणी पाजायचं, खालचं भांडं द्यायचं. त्याची झोप गाढ, म्हणून त्यानंच ही युक्ती काढली. दोराचं एक टोक तिच्या मनगटाला, दुसऱ्या टोकाला वासराच्या गळ्यातली घंटी. घंटी पडवीत त्याच्या उशाशी. तिनं ओढलं की घंटी वाजायची आणि तो उठायचा.

एका शब्दानं कुरकुरला नाही कधी. पण माणूस सगळं करतो आणि बोलत काहीच नाही, तेव्हा बाईच्या मनात पाल चुकचुकते. पडून राहिलेल्या बाईच्या मनात तर जास्तच.

आठवड्यापासून ती पाळत ठेवून होती. घंटी पूर्वीसारखी जवळ वाजत नव्हती. दोर हाताला जड लागत होता. त्याला यायला वेळ लागायचा आणि आला की पायाला चिखल, धोतराच्या काठाला कुसळं, अंगाला ओल्या गवताचा वास.

"पाय कशानं भिजले?"

"रांजणापाशी पाणी सांडलं."

रांजणापाशी कुसळं उगवतात होय? ती बोलली नाही, पण मनात नोंद ठेवली.

दुपारी धाकटी जाऊ आली. ती शेजारच्याच घरात राहायची आणि तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. चाकवालीनं दोराचं सांगताच ती बाजेला खेटून बसली.

"जाऊबाई, मी सांगणार नव्हते. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून. पण परवा रात्री मी भाऊजींना पाहिलं. ओढ्याकडं चालले होते."

"एकटेच?"

"एकटेच. पण चालणं कसं, तर चोरासारखं! घराकडं बघत बघत मागं सरकत होते. कुणी उठलं तर नाही ना, म्हणून बघत असणार."

ओढ्यापलीकडं कोण राहतं, हे दोघींनाही माहीत होतं. दूधवाली. नवरा वारलेला, हसायला मोकळी, आणि घरात दूध घालायला येते तेव्हा दारात जरा जास्तच रेंगाळणारी. तिचेच हात असणार चाकावर. नवखे, ढिले.

"पुरुषाचं काय हो," धाकटी हळूच म्हणाली, "पाच महिने म्हंजे काही थोडे नाहीत."

"फोन लाव माझ्या भावाला. सकाळी टेम्पो घेऊन ये म्हणावं. बाज ठेवता येईल एवढा मोठा. इथं कुणाची अडचण होऊन राहायचं नाही मला."

"कायमचं जाणार?"

"लाव म्हटलं ना."

त्या रात्री उकडत होतं. पाऊस होऊन दोन दिवस झाले होते आणि काळी माती अजून वाफा टाकत होती. दोरवाल्यानं तिची कूस बदलली, उशी सारखी केली, खिडकी उघडली. ती डोळे मिटून पडली. थोड्या वेळानं पडवीतली फळी करकरली. मग मनगटावरचा दोर हळूहळू सरकायला लागला. बराच वेळ सरकला आणि थांबला.

तिनं मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजलं. आता पकडायचं. उद्या भावासमोर बोलायला पुरावा हवा. तिनं सगळा जोर लावून दोर ओढला.

पडवीत घंटी वाजली नाही. वाजली ती लांब, मक्याच्या पलीकडं, पार ओढ्याच्या अंगाला.

हा घंटी बरोबर घेऊन जातो?

आणि मग ती घंटी पळत यायला लागली. बांधावरून, गोठ्यावरून, अंगणातून. दारात दोरवाला धापा टाकत उभा राहिला, एका हातात घंटी, दुसऱ्या हातात दोराचं भेंडोळं.

"काय झालं? दुखतंय?"

"कंदील लावा. आणि इथं बसा. कुठं होता?"

तो बसला. आता खोटं बोलायला त्याच्याकडं दमही नव्हता.

"ओढ्यावर."

"कुणाकडं?"

"कुणाकडं म्हंजे? ओढ्याच्या काठाला बसतो. आधी उंबऱ्यावर बसायचो. मग गोठ्यापाशी. जेवढा दोर, तेवढंच जायचं. तू ओढलंस तर कळायला नको?"

"आणि मागं मागं का चालता? धाकटीनं पाहिलंय."

"दोर अडकू नये म्हणून. आणि दोर घेऊन मी कधी सरळ चाललोय?"

चाकवालीनं हातातल्या दोराकडं पाहिलं. तीस वर्षं तो कसा चालतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तिनं ते धाकटीच्या डोळ्यांनी बघितलं. पण पीळ असा लगेच सुटतो थोडाच.

"चाक कुणी फिरवलं ते सांगा."

त्यानं धोतर गुडघ्यावर सारलं. कंदिलाच्या उजेडात मांडी दिसली. लालभडक, सोललेली. चाक फिरवायला दुसरं माणूस नसलं की तंतू मांडीवर घासून वळावे लागतात, हे काही तिला सांगायला नको होतं. एकट्याचा पीळ ढिलाच पडतो.

"मग सकाळी खोटं का बोललात?"

"काय सांगू?" त्यानं धोतर पुन्हा खाली ओढलं. "तू पाच महिने त्या आढ्याकडं बघत पडलीस. आणि मी गार वाऱ्यात बसून येतो, मला बरं वाटतं, हे तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून त्याचाच राग आला.

"काय करता तिथं बसून?"

"काही नाही. मी गेलो की बेडकं गप्प होतात. जरा वेळानं मी आहे हे विसरतात, पुन्हा ओरडायला लागतात. तोवर मीही विसरलेला असतो, मी कोण ते. मग परत येतो."

"पाण्यात पाय सोडून बसता?"

"नाही. पाण्यापर्यंत दोर पुरत नाही. दोन वाव कमी पडतो."

दोन्ही हात पसरले की एक वाव. चाकवालीनं आढ्याकडं बघत ते अंतर मनाशी मोजलं. मग म्हणाली, "सकाळी चाक इथं आणा. माझ्या उजव्या हाताशी."

उजाडल्यावर भाऊ टेम्पो घेऊन आला, मागोमाग धाकटी. दारातच दोघांना वाकावं लागलं, कारण बाजेपासून थेट अंगणापर्यंत नवा दोर ताणलेला होता. चाकवाली उशांना टेकून चाक फिरवत होती. घाम आला होता, ओठ दाबले होते, पण हात चालू होता. अंगणात दोरवाला तिच्याकडं तोंड करून मागं मागं चालला होता.

"अगं, निघायचं ना?" भाऊ गोंधळून म्हणाला.

"कुठं? चहा घे आणि जा. यांना रात्री ओढ्यावर बसायचं असतं. दोर कमी पडतोय."

धाकटीनं तोंडाला पदर लावला. "आणि तुम्हीच वळून देताय, जाऊबाई?"

"मग? ढिल्या दोरावर नवरा सोडू?"

बाहेरून दोरवाल्यानं हाक दिली, "अजून थोडा घेऊ का गं?"

चाकवालीनं चाकावर तळवा दाबला. चाक थांबलं.

"नको!" ती ओरडली. "दोन वाव झाला. पाय भिजले की पुरे. पलीकडं जायचं नाही!"