डाव्या बाजूचा गंज

दुर्गाबाई औषधाची रिकामी बाटलीसुद्धा धुऊन-पुसून ठेवणाऱ्यांतल्या. पण कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत, नवऱ्याच्या माघारी चार वर्षं चादरीखाली उभी असलेली एकसष्ट सालची फियाट विकायचा विषय निघाला, तेव्हा त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "विका की. मेली जागा अडवून बसलीये." लाटणं थांबलंसुद्धा नाही.

विक्रमला, त्यांच्या मुलाला, हायसं वाटलं. हिंजवडीच्या कंपनीत बढती मिळाली होती, नवी गाडी घ्यायची होती आणि पार्किंग होतं एकच. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. गाडी आता दुर्गाबाईंच्या नावावर, तेव्हा सहीही त्यांचीच लागणार.

सुनेला, रुपालीला, मात्र ते न थांबलेलं लाटणं खटकलं. सासरे, श्यामसुंदरराव, या गाडीत बसण्याआधी पाहुण्यांनाही चपला काढायला लावत. त्यांचा चष्मा सासूबाई अजून रोज पुसून ठेवत. मग गाडीवरच एवढी खप्पामर्जी का? ऋतिका झाल्यापासून रुपालीची कॉम्प्युटरवरची नोकरी सुटली होती, पण चूक हुडकायची सवय सुटली नव्हती. चूक सापडेपर्यंत तिला झोप लागत नसे. सापडली, तर ऋतिका लागू देत नसे.

शुक्रवारी सकाळी तिनं कसबा पेठेतल्या गेनबांना बोलावलं. सासऱ्यांच्या वेळेपासून या गाडीला हात लावणारा हा एकच मेकॅनिक.

"नुसती बघा," ती म्हणाली. "दुरुस्त होण्यासारखी असेल तर विकायच्या आधी कळू दे."

दुर्गाबाई लगबगीनं खाली आल्या. "कशाला त्यांना त्रास? विकायचीच आहे ना."

"बघायला काय जातंय, बाई," गेनबा म्हणाले. "आजारी मान्साला भेटतोच की आपण."

चादर निघाली. ज्या गोल नाकामुळे लोक या गाडीला डुक्कर म्हणत, त्या नाकावर तांबूस पुरळ उठलं होतं. गेनबांनी बॉनेट उघडून आत हात घातला, मग आडवे होऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं खालून ठोकत गेले. "इंजिन हाय तसं हाय. उजवीकडचं बूड ठणठणीत."

डावीकडे आले. मागच्या सीटपुढची रबरी चटई त्यांनी उचलली. खाली पत्रा कसला, चाळणी होती. त्यातून जमिनीवरचं गवत दिसत होतं.

"एकाच बाजूला कसं?" रुपाली वाकली. तिच्या कडेवरून ऋतिकाही वाकली. "पाऊस शिरला असेल?"

"पाऊस बाजू बघून पडत न्हाय, ताई." भोकाच्या कडेचा पांढरा पापुद्रा गेनबांनी नखानं खरवडला आणि सरळ जिभेला लावला. "मीठ हाय. जरा आंबटबी लागतंय."

रुपाली तशीच वाकून राहिली. तीन उन्हाळ्यांपूर्वी गच्चीवर मोबाईलचा टॉवर आला आणि सोसायटीनं गच्चीला कुलूप ठोकलं. घराची गॅलरी पूर्वेची, दहा वाजले की ऊन पसार. तरीही लिंबाचं लोणचं दरवर्षीसारखं मऊ मुरलेलं होतं. ते कुठल्या उन्हात मुरलं, हे कोणी विचारलंच नव्हतं. आणि एप्रिलमध्ये, चादर सारली की, काचा बंद केलेल्या गाडीइतकं ऊन आणखी कुठे मिळणार?

तिनं मागे पाहिलं. दुर्गाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. उत्तर मिळालं होतं. आता विचारणं म्हणजे त्यांना नुसतं पकडणं होतं. तिनं ऋतिकाला सासूबाईंच्या हातात दिलं आणि गेनबांकडे वळली. "पत्रा बदलता येईल?"

"तेवढा कापायचा, नवा जोडायचा. आठ दिवसांचं काम."

"बरणी तडकली," दुर्गाबाई नातीच्या जावळाकडे बघत म्हणाल्या. "दोनशे लिंबं होती. खार सगळा खाली. फरशी पुसतात तसं ओल्या फडक्यानं पुसलं आणि वर चटई टाकली. वाटलं, झालं. पुढच्या वर्षी उचलून बघते तर... ह्यांनी तीस वर्षं एक ओरखडा येऊ दिला नाही, आणि मी लोणच्यापायी घालवली. विक्रमला कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, एकदा गेली की बोलायलाच नको."

"ओरखडा न्हाय कसा?" गेनबा हात पुसत म्हणाले. "मंडईत हातगाडीला घासली होती साहेबांनी. घरी जायच्या आधी रंग मारून घेतला माझ्याकडनं. वर म्हनले, गेनबा, घरी बोलू नको."

"कधी?"

"विक्रमदादाच्या मुंजीच्या साली."

"मला म्हणाले, पॉलिशला दिली होती." दुर्गाबाई हसल्या नाहीत, पण पदर बोटावरून सुटला. "कुठल्या दाराला?"

गेनबांनी मागचं दार दाखवलं. नातीला सावरत दुर्गाबाईंनी तिथे बोट फिरवून पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं. दोन रंगांतला फरक, एकदा माहीत झाल्यावर, दिसत होता. इतकी वर्षं त्या याच दारानं चढत-उतरत होत्या.

"विक्रमला फोन लाव," त्या रुपालीला म्हणाल्या.

मोबाईल त्यांनी कानापासून वीतभर लांब धरला. "विक्रम, त्या रविवारच्या माणसाला येऊ नको म्हणून कळव. मी सही करणार नाहीये... नाही, रुपालीनं काही माझं डोकं फिरवलेलं नाही... तुझी नवी राहील रस्त्यावर. तरुण आहे ती. संध्याकाळी लवकर ये आणि थेट गाडीपाशी ये, वर जाऊ नकोस. तुला एक सांगायचंय. मीच सांगणार आहे."

फोन परत देऊन त्या गेनबांना म्हणाल्या, "पत्रा आज कापू नका. त्याला आधी बघू दे."