तीनदा शेकलेली रोटी

इराणमधल्या रश्त शहरात कोरोना आला आणि लोक महलकाला शहाणी म्हणायला लागले. तिची नणंद अश्रफ वर्षभरापूर्वी चारचौघांत म्हणाली होती, "आमच्या वहिनीचा जन्म नळाखालीच जायचा!" आता तीच फोनवर विचारत होती, "वहिनी, पालेभाजी कितीदा धुवायची हो?" घ्या!

मनाच्या डॉक्टरांनी वर्षभर खपून महलकाचं हात धुणं दिवसाला चाळीसवरून आठवर आणलं होतं. "दाराची कडी धरा आणि हात न धुता गप्प बसा. भीती आपोआप उतरते," हा त्यांचा धडा. आता टीव्हीच दिवसभर सांगत होता, धुवा, धुवा. पंधरा दिवसांत सगळं मुसळ केरात.

त्या सकाळी नवरा, फरामर्ज, नेहमीसारखी भट्टीवरून गरम संगक रोटी उघड्या हातावर टाकून घरी आला. हल्ली महलका ती चिमट्यात धरून गॅसवर तीनदा शेकायची, पार कोळसा होईपर्यंत. पण सहा वर्षांची परस्तू धावत गेली आणि जुन्या सवयीनं तिनं रोटीचं टोक मोडलं.

"टाक ते!" महलका किंचाळली.

पोर रडली नाही. तुकडा टाकून, दोन्ही हात अंगापासून लांब धरून ती मुकाट न्हाणीकडे निघाली. दार तिनं कोपरानं ढकललं. हुबेहूब आईसारखं. तिच्याही हातांची कातडी मनगटापर्यंत तडकली होती.

"तुला मी कधी बोललो नाही, महलका," फरामर्ज म्हणाला. "पण हिला तरी सोड गं."

बाहेरचा आजार अजून दारातही नव्हता. हा धुण्याचा आजार तर महलकानंच घरात आणला होता. तिनं नवऱ्याच्या हातातली रोटी तशीच ओढून घेतली, मोठा तुकडा मोडला आणि तोंडात कोंबला. घास गिळवेना.

परस्तू न्हाणीच्या दारातून बघत होती. "आई, तू आता मरशील?"

"नाही गं राणी. नुसती भीती वाटतेय. फार वाटतेय."

"मग धू ना!"

साबण चार पावलांवर होता. महलकानं जमिनीवर बसकण मारली आणि हात पुढे केले. "नाही धुणार. तू ये, माझ्यापाशी बस."

परस्तूनं त्या हातांकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. "आधी हात धू. मग येते."

रोज याच शब्दांत महलका तिला मांडीपासून लांब ठेवायची. महलकाचे डोळे घळाघळा वाहायला लागले. पण ती उठली नाही. हात तसेच पुढे धरून बसून राहिली.