एक नंबरवरचे टॅब

गाडी नागोठण्याला थांबली आणि रिझवानाच्या पर्समधला फोन वाजला. मांडीवर पेणहून आणलेला पत्रिकांच्या कागदाचा गठ्ठा होता. एका हाताने तो सावरत तिने फोन कानाला लावला.

"कुठं हायस?" खालिदने विचारलं.

"नागोठणं. का वो?"

"काय नाय. ये."

आणि फोन बंद. ज्या नवऱ्याने बारा वर्षं कुवेतमधून फोनवरच संसार केला, कांदा महागला तरी ज्याला सविस्तर ऐकायचं असायचं, तो माणूस चार शब्दांत आटपतो म्हणजे काहीतरी बिनसलंय. रोह्यापर्यंत रिझवानाला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही.

खालिद परत येऊन चार महिने झाले होते. कायमचा आलोय असं तो सांगत होता खरा, पण घरात वावरायचा पाहुण्यासारखा. साखर कुठल्या डब्यात, टॉवेल कुठला घेऊ, सगळं विचारून. लेक रुखसार बालवाडीत असताना तो गेला होता. आता ती बारावीत होती आणि बापाशी बोलताना अजून ओढणी सारखी करायची. रोह्याच्या त्यांच्या दुकानात आला की गिऱ्हाइकं "खालिदभाई, कधी आलात?" म्हणून हात मिळवायची आणि कामाचं मात्र रिझवानाशी बोलायची. त्यात त्याच्या चुलतभावाने, फुरकानने, मस्कतला नोकरी बघून ठेवलेली. येत्या शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचं आणि पहिल्या तारखेला हजर व्हायचं.

रिझवानाला तो जायला नको होता. पण राहा म्हणायचं कशाच्या जोरावर? माणूस म्हणजे काय लोखंडी कपाट आहे, भिंतीला लावलं की राहिलं? त्याला रोजचं काम पाहिजे, कोणीतरी हाक मारायला पाहिजे. म्हणून आज बुधवारी तिने मुद्दाम दुकान त्याच्या हातात दिलं आणि पेणला गेली. कागद काय, फोन केला असता तरी आला असता.

दुकानात शिरली तर खालिद कॉम्प्युटरसमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेला. शाळेत मार खाऊन आलेली पोरं बसतात तसा.

"तुझे टॅब गेले," तो म्हणाला. "माझ्याच हातून."

आता हे टॅबांचं प्रकरण सांगायला हवं. दुकान लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि अल्बमचं. प्रत्येक कामाचं फोल्डर वेगळं, आणि त्यातही गिऱ्हाईक चार वेळा मन बदलणार, म्हणून आत आणखी फोल्डर. खालिदने कुवेतला जाण्याआधी एक फाइल मॅनेजर टाकून दिला होता. त्यात हवी ती फोल्डरं टॅबमध्ये ओळीने उघडी ठेवता येत, आणि संध्याकाळी कंट्रोल, शिफ्ट आणि एक आकडा दाबला की सगळी ओळ त्या आकड्यावर जतन. सकाळी शिफ्ट न लावता नुसतं कंट्रोल आणि तोच आकडा, की सगळी ओळ पुन्हा हजर. एक नंबर खालिदचा, दोन नंबर रिझवानाचा. रिझवानाची पद्धत अशी, की जे काम हातात त्याचा टॅब उघडा, ज्याचं लग्न जवळ त्याचा टॅब पुढे, काम दिलं की टॅब बंद. अख्ख्या सीझनचं दुकान त्या ओळीत मांडलेलं असायचं.

खालिदने सकाळी आधी एक नंबर उघडून बघितला. त्याचेच जुने टॅब आले. मग दोन नंबर उघडायला गेला आणि बोटांनी घात केला. कुवेतच्या गोदामात बारा वर्षं त्याने माल चढवला-उतरवला तो कॉम्प्युटरवर, आणि तिथली शिस्त अशी, की पुढचं काही बघायच्या आधी हातातलं जतन करायचं, नाहीतर साहेबाची बोलणी. हाताला सवय जडली ती जडली. शिफ्ट दाबलं गेलं. रिझवानाच्या ओळीवर त्याची जुनी ओळ जाऊन बसली.

"आणि तेवढ्यात हैबतराव आला. धाटावचा, पोरीच्या, अपेक्षाच्या पत्रिकेसाठी," खालिद खाली बघत म्हणाला. "कारखान्यातली पहिली पाळी सोडून आलेला बिचारा. मला त्याचं फोल्डर काय मिळंना. अपेक्षा नावाची तीन लग्नं हायत यात, एकेकीच्या पाच-पाच पत्रिका. शेवटी तो म्हणला, जावंदे, भाभी आल्या की येतो."

रिझवानाचा पारा चढला. नाही कशाला म्हणा. ऐन लग्नसराई, आणि कुठल्या पत्रिकेला गिऱ्हाइकाने होकार दिला, कुठलीत आत्याचं नाव राहिलंय, सगळं त्या ओळीवरून कळायचं.

"एक दिवस," ती म्हणाली. "एक दिवस तुमच्या हाती दुकान दिलं."

बोलली आणि लगेच जीभ चावली. पण सुटलेला शब्द थोडाच परत येतो.

"व्हय, बरोबर हाय तुझं," खालिद शांतपणे म्हणाला. त्याने खिशातून फोन काढला. "मी तिथंच बरा. फुरकानला आत्ताच सांगून टाकतो."

रिझवानाच्या हातातला कागदाचा गठ्ठा अजून तसाच होता. तिने तो त्याच्या पुढ्यात, थेट त्याच्या हातावर ठेवला.

"फोन ठेवा तो. सांडलंय तुमी, भरून पण तुमीच द्यायचं. मग जा कुठं जायचं तिथं."

तिने स्टूल ओढलं आणि शेजारी बसली. टॅब गेले होते, फोल्डरं जागच्या जागी होती. दारं मिटली होती, घर पडलं नव्हतं. पण दारं होती शेकड्यांनी.

"सांग एकेक," तो म्हणाला.

आणि गंमत अशी झाली, की रिझवानाला फोल्डरांची नावं आठवेनात, माणसं आठवली. "गिरजाबाईच्या नातवाचं लग्न. त्यांचं कुलदैवत वर पाहिजे होतं, गणपती खाली." खालिदने शोधलं. "चणेऱ्याचा प्रणित, ज्याचा बाप दर वेळी फोटो बदलून आणतो." खालिदने पुन्हा शोधलं. तिसऱ्या-चौथ्या नावाला त्याने हात थांबवला आणि म्हणाला, "थांब, असं नको." मग त्याने सगळी फोल्डरं शेवटच्या बदलाच्या तारखेने लावली. या महिन्यात हात लागलेली सगळी वर आली. रिझवानाला एवढ्या वर्षांत हे सुचलं नव्हतं. गोदामात हजार खोक्यांतून एक खोका काढायचं काम केलेला माणूस तो. मासा पाण्यात पडावा तसा झाला.

काम करता करता तो वाचत होता. पुराच्या वर्षी फुकट छापून दिलेले मदतीचे फ्लेक्स. मास्कवाल्या दिवसांतल्या वीस-वीस माणसांच्या लग्नांच्या पत्रिका. फोनवर ती त्याला "बरं चाललंय" एवढंच सांगायची. हे त्याने कधी बघितलं नव्हतं.

"तू एकटीनं केलंस हे," तो म्हणाला.

"दुसरं कोण होतं?" ती म्हणाली. टोचून नव्हे, जे होतं ते.

दुपारी जेवायचंही राहिलं. चार वाजता ओळ लागली आणि रिझवानाने ती दोन नंबरवर जतन केली. मग खालिदने विचारलं, "एक नंबर तसाच का ठेवलास गो? त्यातले निम्मे टॅब तर उघडत पण नाय. फोल्डरं तू कधीच हलवलीस."

रिझवानाला हे सांगायचं नव्हतं, पण आता लपवायचं तरी कोणापासून?

"तुमी गेलात त्या दिवशी तुमी ठेवलेलं हाय ते. मी सकाळी आल्यावर आधी एक दाबायची. तुमचं उघडलं की वाटायचं, चहा प्यायला बाहेर गेलायत. मग दोन दाबायची आणि कामाला लागायची. बाकी काय नाय."

खालिदने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

मग त्याने नवीन टॅब उघडायला सुरुवात केली. हैबतरावच्या अपेक्षाची पत्रिका. रखडलेले दोन अल्बम, जे रिझवानाला वेळेअभावी जमत नव्हते. ओळ लावून त्याने बोटं कंट्रोल आणि शिफ्टवर ठेवली, एक नंबर दाबायच्या आधी थांबला आणि तिच्याकडे बघितलं.

जुनं पुसलं जाणार होतं. रिझवानाला गलबलून आलं. एवढ्याशा गोष्टीसाठी, आणि गोष्ट एवढीशी नव्हती. बारा वर्षं तिने ते एक टॅबही न बदलता सांभाळलं होतं.

"करा," ती म्हणाली.

त्याने बटण दाबलं.

संध्याकाळी हैबतराव पुन्हा आला. रिझवाना मागच्या बाजूला कटिंग मशीनपाशी पत्रिका कापत होती. तिला आवाज ऐकू आला, पण ती जागची हलली नाही.

"भाभी आल्या का?"

"बसा. ही बघा तुमची पत्रिका," खालिद म्हणाला. "मामांचं नाव खाली गेलंय, ते वर घेऊ का?"

हैबतरावने चष्मा लावून सगळी पत्रिका वाचली. मामांना वर घेतलं, तारीख दोनदा तपासली. मग जरा घुटमळला.

"अल्बम पण तुमच्याकडंच करायचाय. लग्न वैशाखात, म्हणजे अल्बमचं काम पावसाळ्यातच होणार. पण बाजारात म्हणत्यात, तुमी पुढच्या महिन्यात परत चाललात. मग बोलायचं कोणाशी? भाभींना आधीच काम जास्त."

मागे मशीनचं पातं वरच राहिलं. रिझवानाने हात दांड्यावरून काढला नाही आणि दांडा खालीही ओढला नाही.

"पावसाळ्यात या," खालिद म्हणाला. "माझ्याशीच बोला. मी हाय."

हैबतराव उठला, जाता जाता आत बघून त्याने आवाज दिला, "भाभी, येतो हां."

रिझवानाने पदर तोंडाशी धरला होता. खालिदनेच उत्तर दिलं, "ती कामात हाय. या सावकाश."