लाखोळी आणि केळापुरे-प्रथिन

डॉ. केळापुरे मेडशीच्या फाट्यावर एसटीतून उतरले, तेव्हा त्यांच्या बॅगेत एका नव्या प्रथिनाचं नाव होतं. नाव अर्थात त्यांचंच होतं. केळापुरे-प्रथिन. विज्ञानात अशी नावं माणूस गेल्यावर इतरांनी द्यायची असतात, पण इतरांवर इतका भरवसा कोण ठेवतो?

नागपूरच्या एका कॉलेजात ते जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. दिवाळीला विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती, आणि तिच्यावर डोळा ठेवून त्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते. जूनमध्ये हैद्राबादच्या परिषदेत हे प्रथिन मांडलं की खुर्ची हातची जाणार नव्हती.

या खेड्यात ते फेब्रुवारीत पहिल्यांदा आले होते. साल त्र्याहत्तर, म्हणजे दुष्काळाचं. इथल्या बौद्धपुऱ्यात आठ धडधाकट गड्यांचे पाय ताठ झाले होते. टाच जमिनीला टेकेना, काठीवर भार देऊन चवड्यांवर चालायचे. वरच्या आळीत मात्र एकालाही काही झालं नव्हतं. थोडीफार अक्कल असलेल्या माणसाने आधी विचारलं असतं, की हे खातात काय आणि ते खातात काय. केळापुऱ्यांनी लघवी मागितली.

चाळीस बाटल्या त्यांनी सोबत आणल्या होत्या. जाड काचेच्या, रबरी बुचाच्या. त्यातल्या वीस बौद्धपुऱ्यात वाटल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी भरून, मागे ठेवलेल्या कॉलेजच्या शिपायाकडे द्यायला सांगितलं. वरच्या आळीतल्या लोकांच्या बाटल्या दौलतराव पाटलांच्या वाड्यामागे तिथल्या तिथे भरून घेतल्या. निघताना त्या आठ गड्यांपैकी जगदेवच्या घरी त्यांनी सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी प्यायलं, आणि ती गोष्ट नागपुरात पुढचा महिनाभर जो भेटेल त्याला सांगितली.

प्रयोगशाळेत शिपायाने आणलेलं पोतं उघडलं तर बौद्धपुऱ्याच्या बाटल्या नाना तऱ्हेच्या निघाल्या. त्यांवर नावांच्या चिठ्ठ्या मात्र नीट होत्या. शिपायाने बाटल्या बदलल्या असं धरून केळापुऱ्यांनी त्याला झापलं आणि कामाला लागले. ओल्या कागदाच्या पट्टीवर थेंब ठेवायचा, वीज सोडायची, की एकेक प्रथिन सरकत आपापल्या जागी जाऊन बसतं. बौद्धपुऱ्याच्या प्रत्येक पट्टीवर एक ठसठशीत रेघ उमटली. वरच्या आळीच्या एकाही पट्टीवर ती नव्हती. धडधाकट बायकांच्या पट्टीवरही रेघ होती, पण त्याने साहेब डगमगले नाहीत. त्यांनी लिहिलं, की या बायकांना हा रोग पुढे होणार. रोगाची खूण रोगाच्या आधी सापडली, म्हणजे शोध दुप्पट मोठा झाला. शेवटी त्यांनी एक परिच्छेद जोडला, की पुढेमागे या प्रथिनाचा बिघडलेला तुकडा काढून तिथे चांगला तुकडा बसवता येईल. शिंपी सदऱ्याची बाही बदलतो तसं.

आता मे महिन्यात ते आले होते ते आजाऱ्यांचे फोटो काढायला. दौलतरावांनी फाट्यावर बैलांची दमणी पाठवली होती, आणि स्वतःच सोबत बौद्धपुऱ्यात आले. त्यांना हा शोध भलताच आवडला होता. दुष्काळ पडल्यापासून ते मजुरांना ज्वारीऐवजी लाखोळीची डाळ देत होते. भंडाऱ्याकडून पोतीच्या पोती स्वस्तात उचलली होती.

"मंजे रोग त्याईच्या रक्तातच हाय म्हना," दौलतराव वाटेत दोनदा म्हणाले.

जगदेव अंगणात बाजेवर बसला होता, काठी मांडीवर आडवी. त्याची बायको गोजराबाई पुढे आली.

"बसा साहेब. रपोट आनला का?"

"आणलाय. रोगाचं कारण तुमच्या शरीरातच आहे. एक प्रथिन आहे." आणि केळापुऱ्यांना राहवलं नाही, त्यांनी नावही सांगितलं.

"त्याले तुमचं नाव काहून देलं?"

"मी शोधलं म्हणून."

"अन् पाय आमचे गेले," जगदेव म्हणाला.

साहेबांनी हसून कॅमेरा काढला. तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली. दाराशेजारच्या खुंटीला त्यांची जाड काचेची बाटली टांगलेली होती, आत गोडं तेल. खाली गोजराबाईची पोर रंगू बकरीच्या पिल्लाला दूध पाजत होती. जुन्या टॉनिकच्या बाटलीला चिंधी बांधून.

"ही बाटली इथे कशी?"

"तुमची बाटली लय मजबूत, साहेब. असल्या बाटलीत मुताचं काम कराले जीव होईना. साऱ्याईनंच ठेवून घेतल्या. तुमची चिठ्ठी काढून आमच्या बाटलीले बराबर लावली. ते पिल्लू पिऊन राह्यलं ना, त्याच बाटलीत देलं होतं तुमाले."

"पण ती धुतली होती?"

"प्याले पानी नव्हतं साहेब."

केळापुरे बाजेच्या कडेवर बसले. घरोघरी बकऱ्या, घरोघरी दुधाने माखलेली बाटली. त्यांचं प्रथिन शेळीच्या दुधातलं होतं. निबंध हैद्राबादला पोचला होता, कार्यक्रमपत्रिकेत नाव छापून आलं होतं, आणि ते नाव दूध ओढत त्यांच्यासमोर शेपूट हलवत होतं.

"ते राहू द्या," गोजराबाई म्हणाली. बाटलीच्या भानगडीत तिला काही गम्य नव्हतं. "याचे पाय तर गेले. रंगू बारा वर्साची हाय. पाटील मजुरीत लाखोळी देते. माही सासू म्हने, लाखोळीनं मानूस पांगळा होते. तुमी शिकेल मानूस. पोरीनं खावी का नाही, तेवढं सांगा."

उत्तर केळापुऱ्यांना पाठ होतं. महिनोन्‌महिने लाखोळी खाल्ली की पाय ताठ होतात, हे ते दरवर्षी पोरांना पिवळ्या पडलेल्या वहीतून उतरवून देत. पण ते दुसऱ्या कोणीतरी शोधलेलं होतं. डाळ म्हटलं की प्रथिन गेलं, प्रथिन गेलं की खुर्ची गेली. दारात दौलतराव मिशीवर बोट फिरवत उभे होते.

"खायला हरकत नाही," केळापुरे म्हणाले. लाज वाटली त्यांना, नाही असं नाही. पण सांगून झालं होतं.

"मंग जेवूनच जा," गोजराबाई म्हणाली.

तिच्या मनात डाव नव्हता. दुपारच्याला दारी आलेला माणूस उपाशी पाठवायची त्या घरात रीत नव्हती, दुष्काळातही नाही. तिने ताट वाढलं. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि वाटीभर लाखोळीचं वरण. शेजारी तसंच ताट रंगूला. साहेब जेवून राह्यले म्हणताना बौद्धपुरा अंगणात जमला.

नाही म्हणायला तोंड नव्हतं. या घरचं पाणी प्यायल्याचं त्यांनी साऱ्या नागपूरला सांगून ठेवलं होतं. एका जेवणाने काही बिघडत नाही, हेही त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण हात वाटीकडे जाईना. त्यांनी भाकर मोडली आणि ठेच्याला लावली. दुसरा घास ठेच्याला, तिसराही ठेच्याला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"वरन घ्या ना, साहेब."

"नको. पोट जरा बिघडलंय."

"बिघडेल पोट ठेच्यानं बरं होते का?" जगदेवने विचारलं.

वीस-पंचवीस माणसं त्या भरलेल्या वाटीकडे बघत उभी होती. गोजराबाईने ती उचलली आणि दौलतरावांपुढे धरली.

"पाटील, तुमी?"

दौलतरावांना शेतातलं काम आठवलं. ते गेल्यावर तिने वाटी खाली ठेवली, आणि रंगूच्या ताटातलीही काढून घेतली.

"रंगू, कोरडी भाकर खाय," ती म्हणाली.

हैद्राबादला टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने उठून विचारलं, की या लोकांच्या आहाराचं काय? आहाराशी संबंध आढळला नाही, असं केळापुऱ्यांनी सांगितलं. दिवाळीनंतर ते खुर्चीवर बसले. हार गळ्यात असतानाच शिपायाने टपाल आणून दिलं. त्यात दौलतरावांचं पत्र होतं.

"सा. न. वि. वि. बौद्धपुऱ्यातला एकही मजूर आता लाखोळी घेत नाही. ज्वारी द्या, नाहीतर काम नाही, म्हणतात. साहेब खुद्द हरकत नाही म्हणाले, असं मी परोपरीनं सांगितलं. जगदेवची बायको म्हणते, साहेब काय बोलले ते आम्ही ऐकलं, अन् काय जेवले तेही पाहिलं. माझी चौदा पोती पडून आहेत. आपण त्या दिवशी दोन घास खाल्ले असते तर बरं झालं असतं."